मूर्खलक्षणांत एक भर

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांना दिला आणि त्याच दशकाच्या दहाव्या समासात पढतमूर्खाची वेगळी लक्षणं सांगितली. त्या यादीत आजच्या काळाचं एक लक्षण घालायला हवं. हजारो दिरहम मोजून जो डिजिटल एसएलआर कॅमेरा घेतो आणि त्यावर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची, हाताने फोकस करायची लेन्स बसवतो, तो एक मूर्ख.

मी या मूर्खाच्या बाजूने उभा आहे. त्याला सांभाळून घ्या असं माझं म्हणणं नाही, त्याचा सत्कार करा असं म्हणणं आहे. शारजातल्या रोल्लामध्ये हे मत पक्कं व्हावं, हेही ठीकच झालं. सोनं, कापड, मोबाइल, भाजी सगळं एकाच गल्लीत मिळणारी ही जागा. सुट्टीच्या संध्याकाळी इथे केरळ, कोकण, लाहोर, ढाका एकाच फुटपाथवर चहा पीत उभे असतात. फोटो काढायला इतकी माणसं आणि इतका उजेड फार थोड्या ठिकाणी मिळतो. म्हणून या मूर्खाची लक्षणं मी रोल्लातूनच सांगतो, आणि प्रत्येक लक्षणापुढे त्याची थोरवीही सांगतो.

पहिलं लक्षण: पैसे मोजून घेतलेली सोय तो स्वतःच्या हाताने बंद करतो.

1985 साली मिनोल्टाचा 7000 हा कॅमेरा आला आणि कॅमेऱ्याच्या पोटात बसवलेली मोटर लेन्स फिरवू लागली. 1987 साली कॅननने आपला जुना एफडी माउंट सोडून ईएफ माउंट आणला आणि मोटर लेन्सच्या आत नेली. तेव्हापासून फोकस हे माणसाचं काम उरलं नाही. बटण अर्धं दाबायचं, बीप वाजली की पूर्ण दाबायचं.

आपला मूर्ख हे सगळं बाजूला ठेवतो. निकॉनच्या डी3000 किंवा डी5000 मालिकेतल्या कॅमेऱ्यावर जुनी लेन्स चढवली की कॅमेऱ्याचं प्रकाशमापक बंद पडतं. मोड ‘एम’वर न्यावा लागतो आणि उजेडाचा अंदाज स्वतः बांधावा लागतो. डी7000, डी700, डी750 यांसारख्या कॅमेऱ्यांच्या माउंटच्या कडेला एक बारीक खुंटी असते. निकॉनने 1977 साली आणलेल्या ‘एआय’ पद्धतीच्या लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग त्या खुंटीला ढकलते. मेन्यूत लेन्सची फोकल लांबी आणि सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर भरून दिलं की प्रकाशमापक नीट चालतं. त्याआधीची, बदल न केलेली लेन्स मात्र या कॅमेऱ्यांवर बसवू नये, ती खुंटी मोडण्याची भीती असते. पेंटॅक्सच्या एसएलआरवर मेन्यूतून अ‍ॅपर्चर रिंग वापरायची परवानगी द्यायची, मग एका बटणावर अ‍ॅपर्चर क्षणभर मिटतं आणि कॅमेरा उजेड मोजून घेतो.

एवढ्या खटाटोपातून मिळतं काय? फोटोचा विषय ठरवायचा हक्क परत मिळतो. आपोआप फोकस करणारा कॅमेरा सर्वांत जवळची वस्तू धरतो, नाहीतर चेहरा धरतो, आणि नवा असेल तर चेहऱ्यातला डोळा धरतो. बहुतेक वेळा त्याचं बरोबरही असतं. पण रोज त्याचंच ऐकत गेलं की सगळ्या फोटोंत डोळेच महत्त्वाचे ठरतात. हात, भांडं, सुई, पाटीवरचं अक्षर हे कधी मुख्य होऊ शकतं, ही शक्यताच मनातून जाते. रिंग हाताने फिरवणाऱ्याला प्रत्येक फोटोआधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं: इथे महत्त्वाचं काय आहे?

दुसरं लक्षण: तो मिलिमीटरचा हिशेब ठेवतो.

लेन्सचा माउंट आणि सेन्सर यांच्यामधलं अंतर प्रत्येक कंपनीने वेगळं ठरवलं. निकॉनच्या एफ माउंटला ते 46.5 मिलिमीटर आहे, ऑलिंपसच्या ओएमला 46, पेंटॅक्सच्या के माउंटला आणि जुन्या एम42 या आट्याच्या माउंटला 45.46, कॅननच्या ईएफला 44. जुन्या लेन्सचं अंतर कॅमेऱ्याच्या अंतराहून जास्त असेल तर मधली जागा एका पातळ धातूच्या कड्याने भरता येते. म्हणून कॅननच्या एसएलआरवर निकॉन, पेंटॅक्स, ओएम आणि एम42 यांच्या बहुतेक लेन्स चालतात. अंतर कमी असेल तर कडं घालायला जागाच उरत नाही. एम42 ची लेन्स निकॉनवर लावली की ती सेन्सरपासून मिलिमीटरभर लांब पडते, आणि एवढ्यानेच 50 मिमीच्या लेन्सला दोन-अडीच मीटरपलीकडचं काही स्पष्ट दिसेनासं होतं. कॅननची स्वतःची जुनी एफडी लेन्स 42 मिलिमीटरची, म्हणून ती कॅननच्याच नव्या एसएलआरला चालत नाही.

हा हिशेब कळला की आपण कॅमेऱ्याचे नुसते गिऱ्हाईक राहत नाही. काच, अंतर आणि उजेड यांचा संबंध हाताला समजतो. महाराष्ट्राला हा मूर्खपणा नवा नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. विकत मिळणाऱ्या वस्तूसाठी कारखान्यात राबणाऱ्या माणसाबद्दल तेव्हा शहाण्यांनी काय म्हटलं असेल, याची कल्पना करता येते. त्याच कॅमेऱ्याच्या बळावर 1920 साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट उभा राहिला. यंत्र आतून समजलेल्या माणसाचा त्या यंत्रावर हक्क असतो, आणि मिलिमीटरचा हिशेब ही त्या हक्काची पहिली पायरी आहे.

तिसरं लक्षण: तो वेळ घालवतो, आणि दुसऱ्याचाही घालवतो.

अमिरातीत माणसाला न विचारता त्याचा फोटो काढून पसरवणं हा गुन्हा आहे. सायबर गुन्ह्यांवरच्या 2021 च्या संघीय कायद्यात त्याला तुरुंगाची आणि दंडाची तरतूद आहे. त्यामुळे रोल्लात माणसाचा फोटो काढायचा तर आधी विचारावं लागतं. खिशातल्या मोबाइलने चोरून काढणाऱ्याला हा कायदा अडचणीचा वाटतो. जुन्या लेन्सवाल्याला त्याची अडचण होत नाही, कारण चोरून काढणं त्याला जमणारच नसतं. एक मीटरवर उभं राहून, डोळ्याला कॅमेरा लावून, रिंग सावकाश फिरवत असलेला माणूस कुणालाही दिसतो.

रोल्लाच्या एका आतल्या गल्लीत कपडे दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात, खेड तालुक्यातले. त्यांच्या मशीनच्या डोक्यावर छोटा दिवा आहे. त्याचा उजेड सुईच्या टोकावर पडतो आणि बाकी दुकान अंधारात राहतं.

‘चाचा, एक फोटो काढू का तुमचा?’

‘काढ. मोबाइल कुठाय तुझा?’

‘मोबाइल नको, यानं काढतो. जरा वेळ लागेल.’

‘मग बस. तोवर मी ही बाही उरकतो.’

लेन्स होती 50 मिमीची, अ‍ॅपर्चर एफ/1.8 वर पूर्ण उघडं. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर एक मीटर अंतरावरून या लेन्सला जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट दिसतो. चष्म्याची काडी धरली तर सुई विरघळते, सुई धरली तर चष्मा. अशा वेळी रिंग फिरवत राहण्यात अर्थ नसतो. अंतर एकदा लावायचं, कोपर छातीशी घट्ट धरायचं आणि कमरेतून अगदी थोडं पुढे-मागे व्हायचं. कापडाचे धागे आधी धुकट दिसतात, मग एकेक सुटा होतो, मग सुईचं भोक दिसतं, त्यातला दोरा दिसतो. श्वास अर्धा सोडायचा आणि बटण दाबायचं.

चाचा बाही संपवून बघत होते. ‘एवढा वेळ नेम कशावर धरलास?’

‘सुईवर.’

‘मग बरोबर. तोंडाचा पासपोर्टवर आहे.’

एवढ्या एका वाक्यात त्यांनी छायाचित्रकलेवरचं एक भाषण संपवलं. त्यांना वेळ मिळाला, म्हणूनच ते बोलले. क्षणात फोटो काढून पुढे गेलो असतो तर त्यांचा चेहरा मिळाला असता, पण त्यांचं मत मिळालं नसतं. ज्याचा फोटो काढायचा त्याला फोटोविषयी बोलायला जागा मिळणं, हा या विलंबाचा सर्वांत मोठा लाभ आहे. परदेशात पोटासाठी आलेल्या माणसाला इथे रोज अनेक कॅमेरे बघतात, कुणी त्याला विचारत नाही. त्याच्यासमोर थांबून, त्याच्या देखत, त्याच्या कामाच्या नेमक्या जागेवर नजर ठेवणं हा आदर आहे.

चौथं लक्षण: कॅमेऱ्याने मदत करायला नकार दिला तरी तो नाउमेद होत नाही.

जुन्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये मधोमध दुभंगलेली प्रतिमा दिसायची. दोन तुकडे जुळले की फोकस जुळला. आजच्या एसएलआरमधला फोकसचा पडदा उजळ दिसावा म्हणून घडवलेला आहे. त्यावर एफ/1.4 च्या लेन्सची खरी उथळ खोली दिसतच नाही, साधारण एफ/2.8 ला दिसेल एवढीच दिसते. डोळ्याला जे स्पष्ट वाटतं ते फोटोत किंचित पुढे-मागे सरकलेलं निघू शकतं. निकॉनमध्ये निवडलेल्या फोकस-बिंदूवर फोकस जुळला की खालच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका पेटतो. तिपाईवर कॅमेरा असेल तर मागच्या पडद्यावर दृश्य दहापट मोठं करून बघता येतं. काही मॉडेलांचा पडदा बदलून जुन्या पद्धतीचा बसवताही येतो. आरशाशिवायच्या नव्या कॅमेऱ्यांत हे काम आणखी सोपं आहे, तिथे फोकसमधल्या कडा रंगाने उजळतात. तरी एसएलआरच्या भिंगातून दिसतो तो समोरचा प्रत्यक्ष उजेड असतो, आणि त्या उजेडात नेम धरायची सवय डोळ्याला लागली की ती जात नाही.

जिथे फोकस करायला वेळच नसतो, तिथे जुनी लेन्स एक वेगळी युक्ती शिकवते. 28 मिमीची लेन्स घ्यावी, अ‍ॅपर्चर एफ/8 वर ठेवावं आणि अंतराची रिंग पाच मीटरवर लावून बोट काढून घ्यावं. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात साधारण अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. लेन्सवर कोरलेली खोलीची पट्टी फिल्मच्या मोठ्या चौकटीसाठी असते, म्हणून ती वाचताना एक पायरी कडक राहावं: अ‍ॅपर्चर एफ/8 असेल तर खुणा एफ/5.6 च्या बघाव्यात. रोल्ला चौकाच्या बागेत आपली पोरं धावत असतील, तर ही लेन्स कोणत्याही मोटरइतकी चपळ ठरते, कारण तिला फोकस शोधायचाच नसतो. नव्या लेन्सवरून ही पट्टी बहुधा गायबच झाली आहे. जुन्या लेन्सच्या अंगावर अंतराचं सगळं गणित कोरलेलं असतं आणि ते दिवसाउजेडी कुणालाही वाचता येतं.

पाचवं लक्षण: तो दोषांवर प्रेम करतो, आणि त्यांची काळजीही घेतो.

झेनिट या सोव्हिएत कॅमेऱ्याबरोबर हेलिओस-44 ही 58 मिमी, एफ/2 ची लेन्स यायची. तिची रचना युद्धापूर्वीच्या झाइसच्या बायोटार लेन्सवरून घेतलेली. झाडीसमोर माणूस उभा करून ती पूर्ण उघडी ठेवली की मागची पानं माणसाभोवती गोल फिरल्यासारखी दिसतात. काचेच्या हिशेबात हा दोष आहे. आजचे छायाचित्रकार त्यासाठीच ती लेन्स शोधत फिरतात. पेंटॅक्सच्या ताकुमार 50 मिमी एफ/1.4 च्या काही आवृत्त्यांमध्ये थोरियम घातलेली काच आहे. ती किंचित किरणोत्सारी असते आणि वर्षांनुवर्षांनी पिवळी-तपकिरी पडते. अतिनील किरणांखाली काही दिवस ठेवली की पिवळेपणा उतरतो. शारजाच्या उन्हाला तोटा नाही, पण हे काम इथे डिसेंबर-जानेवारीत खिडकीत करावं, लेन्सचं मागचं तोंड फॉइलने झाकून, म्हणजे काच जाळ पेटवणार नाही. उन्हाळ्यात केलं तर उष्णतेने आतलं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं आणि पाती चिकटतात. अतिनील किरणांचा छोटा दिवा वापरला तर ऋतूची वाटही बघावी लागत नाही.

किनाऱ्यावरच्या उन्हाळ्याची आणखी एक शिकवण आहे. ऑगस्टमध्ये एसीच्या खोलीतून लेन्स तशीच रोल्लाच्या रस्त्यावर आणली की पुढच्या काचेवर क्षणात वाफ धरते. पुसली की पुन्हा धरते. ही वाफ पुसायची नसते. घरातून निघतानाच लेन्स हवाबंद पिशवीत घालावी आणि बाहेर आल्यावर बाहेरच्या हवेइतकी गरम होईपर्यंत पिशवी उघडू नये. तेवढ्या वेळात चहा होतो आणि समोरच्या रस्त्यावर उजेड कसा सरकतो तेही कळतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात पेटीत बंद राहिलेल्या लेन्सला बुरशी लागते, ती काचेवरचा लेप खाते. सिलिका जेलची पुडी, कोरडी पेटी आणि वरचेवर वापर हेच तिच्यावर औषध. कपाटात जपून ठेवलेली लेन्स लवकर मरते, हातात असलेली टिकते.

इथे शहाण्यांचा सर्वांत मोठा आक्षेप येतो: क्रिकेट, पक्षी, लग्नातली धावपळ, इथे हा मूर्खपणा काय कामाचा? या ठिकाणी मोटरवाली लेन्स वापरावी, यात वाद नाही. तरीही हातांना कमी लेखू नये. 18 एप्रिल 1986 ला शारजाच्याच मैदानावर जावेद मियाँदादने चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारला. मिनोल्टाचा 7000 येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. निकॉनचा एफ4 1988 साली आणि कॅननचा ईओएस-1 1989 साली आल्यावरच ऑटोफोकस मैदानावरच्या छायाचित्रकारांत रुळू लागला. त्याआधीची क्रिकेटची बहुतेक छायाचित्रं चेंडू कुठे जाईल याचा अंदाज बांधून, रिंग आधीच तिथे लावून ठेवणाऱ्या हातांनी मिळवलेली आहेत. आधी अंदाज बांधायला लावणारं साधन माणसाला खेळ समजायला लावतं.

जुनं टिकवण्याच्या मूर्खपणाचं मोल शारजाला चांगलं ठाऊक आहे. रोल्लाचं नाव ज्या जुन्या वडावरून पडलं, तो सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस गेला, पण चौकात त्याचं स्मारक उभं आहे. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर अल हिस्न हा 1820 च्या दशकातला किल्ला आहे. 1969-70 च्या सुमारास तो पाडायला घेतला होता. तेव्हा कैरोत शिकत असलेले शेख सुलतान बिन मोहम्मद अल कासिमी ही बातमी ऐकून धावत आले. त्यांनी उरलेला बुरुज वाचवला, दारं-खिडक्या गोळा करून ठेवल्या, मापं टिपून ठेवली. 1972 साली ते शारजाचे शासक झाले आणि नव्वदच्या दशकात त्या मापांच्या आणि जुन्या छायाचित्रांच्या आधारे किल्ला पुन्हा उभा राहिला. त्या वेळी सिमेंटच्या नव्या इमारती उठत असताना मोडका बुरुज वाचवणं व्यवहाराला धरून नव्हतं. आज शारजाचा इतिहास बघायचा तर लोक तिथेच जातात. आणि ज्या जुन्या छायाचित्रांनी किल्ल्याचा आकार परत मिळवून दिला, ती सगळी ऑटोफोकस येण्याआधीच्या लेन्सांनीच काढलेली होती.

मूर्खलक्षणांतली ही भर मराठी घरांना अगदी जवळची आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत भारतात परदेशी कॅमेऱ्यावर जबर आयातकर होता, आणि आखातातून सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या बॅगेत याशिका, पेंटॅक्स, निकॉन असायचे. मुलांच्या मुंजी, बहिणींची लग्नं, गावचा गणपती त्याच कॅमेऱ्यांनी टिपला. फिल्म संपली, डिजिटल आलं, आणि ते कॅमेरे रत्नागिरीपासून पुण्यापर्यंत कपाटाच्या वरच्या फळीवर गेले. त्यातल्या लेन्स अजून जिवंत आहेत.

त्या काढाव्यात. आधी कॅमेऱ्याची लेन्स सुटी होते का ते बघावं. काच दिव्यासमोर धरून आत बुरशीचे तंतू आहेत का ते बघावं. अ‍ॅपर्चरची पाती झटकन मिटतात का, रिंग सगळीकडे सारख्या जोराने फिरते का, तेही तपासावं. माउंट कोणता आहे ते ओळखून, मिलिमीटरचा हिशेब जमत असेल तर साजेसं कडं घ्यावं. नव्या लेन्सच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ असतो. मग मुलाच्या नाहीतर मुलीच्या एसएलआरवर वडिलांची लेन्स बसवून द्यावी आणि घरातल्याच एखाद्या माणसासमोर त्यांना बसवावं. आजी निवडत असलेल्या तांदळावर फोकस धरायचा की तिच्या डोळ्यांवर, हे त्यांचं त्यांना ठरवू द्यावं. यंत्राने हे कधीच ठरवून टाकलेलं असतं, आणि माणसाने ते स्वतः ठरवावं यासाठी थोडा मूर्खपणा पत्करावाच लागतो.